हातोड्याचे पाय

मध्यंतर संपलं, पंचांची शिट्टी झाली, दोन्ही संघांनी बाजू बदलल्या, आणि हातोडा मात्र पहिल्या अर्ध्यात जिथे खेळला होता तिथेच जाऊन उभा राहिला. समोरच्या संघाच्या गोलपुढे, पाय रोवून, तो गोल राखायची जबाबदारी आपल्यावरच असल्यासारखा.

प्रेक्षकांत हशा पिकला.

"काय रे हातोड्या, तिकडच्यांनी घरजावई करून घेतलं काय?" कुणीतरी ओरडलं.

बाकावरचे राखीव खेळाडू पोट धरून हसले. कोचही हसले. इतकी वर्षं एकाच संघाच्या बचावफळीत उभा असलेला गडी. एवढी गंमत त्याला माफ होती. हातोड्याने कपाळावर हात मारून घेतला, दात दाखवले आणि धावत आपल्या जागेवर आला.

पण हसण्याआधी त्याने काय केलं, ते कोचनी पाहिलं होतं. त्याने आधी स्वतःच्या अंगातल्या शर्टाकडे पाहिलं होतं. मग आजूबाजूच्यांच्या शर्टांकडे. एकेक करून. झोपेत भलत्याच स्टेशनवर उतरलेला माणूस पाट्या वाचत सुटतो, तसं.

उरलेला सामना कोचनी उभ्यानेच पाहिला. हातोडा नेहमीसारखाच खेळला. शेवटी शेवटी एक कॉर्नर आला तेव्हा सगळ्यांच्या वर उडी मारून त्याने चेंडू डोक्याने असा हाणला, की तो थेट मैदानाच्या मध्यावर जाऊन पडला. कपाळावर चेंडू बसतो तो टणक आवाज कोचच्या बाकापर्यंत आला. "हातोडा! हातोडा!" लोक ओरडायला लागले. त्या आवाजावर कोचनी आयुष्य काढलं होतं. त्या दिवशी तो ऐकताना त्यांचे डोळे आपोआप मिटले.

हे नाव त्याला त्या हेडरमुळेच मिळालं होतं. मिसरूडही न फुटलेला हा पोरगा कोचना एका उकिरड्याशेजारच्या मोकळ्या जागेत सापडला, त्यांनीच त्याला क्लबात आणलं, दोरीला टांगलेल्या चेंडूखाली उभं करून "डोकं घाल, डोकं!" म्हणत तयार केलं. कोचना मूलबाळ नव्हतं. हातोड्याच्या लग्नात त्याच्या बाजूने हेच नवराबायको उभे होते, आणि त्याला मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात सगळ्यांत आधी हेच पोचले होते. या हंगामात त्याला दोनदा डोक्याला लागलं होतं. एकदा गोलच्या खांबावर आपटला, एकदा कुणाचं तरी कोपर कानशिलावर बसलं. दोन्ही वेळा थोडा वेळ पडून राहिला, मग तोंडावर पाणी मारून उठला. "किती बोटं?" असं कोचनी विचारलं, तर म्हणाला, "तुमची नेहमी वाकडीच असतात, मोजू कशी?"

दुसऱ्या दिवशी कोचनी त्याला क्लबच्या डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टर भला माणूस होता. त्याने हातोड्याला एका पायावर उभं केलं, डोळ्यांत बॅटरी मारली, महिन्यांची नावं उलटी म्हणायला लावली, मोठ्या यंत्रात घालून डोक्याचे फोटो काढले. सगळं ठीक निघालं.

"फोटोत तरी काही नाही, कोच," डॉक्टर म्हणाला. "पण फोटोत नाही म्हणजे नाहीच, अशी खात्री मी देणार नाही. तुम्ही त्याला रोज बघता. लक्ष ठेवा."

ही गोष्ट घडली तेव्हा संघ तळाला होता. हंगामाचा शेवटचा टप्पा उरला होता, आणि त्या टप्प्यासाठी कोण कोण खेळणार ते लीगला आधीच कळवायचं होतं. एकदा कळवलं की बदल नाही. त्या आठवड्यात कोच मॅनेजरांच्या खोलीत गेले. क्लबचा सगळा कारभार मॅनेजर बघत; खेळाडू घ्यायचे, सोडायचे, मालकांना तोंड द्यायचं. एके काळी ते याच संघाचे गोलरक्षक होते आणि कोच त्यांच्या पुढ्यातले बचावपटू. चारचौघांत दोघं एकमेकांना अहोजाहो करत. दार लावलं की अरेतुरे.

"शिडी?" मॅनेजर खुर्चीतून अर्धे उठले. शिडी म्हणजे राखीव फळीतला उंचाडा, नुकता संघात आलेला पोरगा. "हातोड्याच्या जागी शिडी? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"माझं आहे," कोच म्हणाले. "त्याच्या डोक्याची काळजी वाटते."

"डॉक्टर ठीक म्हणाला."

"लक्ष ठेवा म्हणाला."

"अरे, एकदा चुकीच्या बाजूला उभा राहिला, एवढंच ना? मी एकदा दोन डावे बूट घालून अख्खा अर्धा खेळलो होतो. तूच होतास समोर."

"उजवे होते. आणि त्या अर्ध्यात तू दोन गोल खाल्लेस."

मॅनेजर हसले, पण लगेच गंभीर झाले. खिडकीतून खाली मैदान दिसत होतं. गवत कापणारा आपलं यंत्र ढकलत पांढऱ्या रेषेच्या कडेने चालला होता.

"हे बघ," ते म्हणाले, "खालच्या गटात गेलो की मालक संघ बंद करणार. त्यांनी मला तोंडावर सांगितलंय. मग तो खालचा गवत कापणारा, धोबी, तू, मी, तीसेक पोरं, सगळे घरी. तू एका माणसाची काळजी करतोस. तुझं बरोबर आहे, तुझा मुलगाच आहे तो. पण मला सगळ्यांची करावी लागते. त्या पोराच्या उंचीवर मी हे सगळं टांगू? त्याला अजून चेंडूची भीती वाटते. चेंडू आला की डोळे मिटतो."

सगळं खरं होतं. शिडी डोळे मिटत असे. "विचार करतो," एवढंच म्हणून ते उठले. जिना उतरताना त्यांनी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं, की मॅनेजर म्हणतो तसंच करावं. एवढा टप्पा खेळू दे, मग बघू. आपणच उगाच घाबरलोय.

पण त्यानंतरच्या दुपारी हातोड्याची बायको घरी आली.

ती एका औषधांच्या दुकानात कामाला होती. तिथला निळा कोट तसाच अंगात होता. कोचच्या बायकोने दार उघडलं, तिला आत घेतलं आणि पाणी दिलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली. मैदानावर कोच सगळ्यांचे कोच होते, पण तिचे ते काका होते आणि त्यांची बायको काकू.

"काका, त्याला काढा," ती म्हणाली.

कोच बघतच राहिले. ती त्याला खेळवा म्हणायला आली असेल, असं त्यांना वाटलं होतं.

"मागच्या आठवड्यात त्याने मला दुकानात फोन केला. आपल्याच चौकात उभा होता. पाववाल्याच्या समोर. म्हणाला, अगं, आपली गल्ली कुठली? मला वाटलं चेष्टा करतोय. मी म्हटलं, कामात आहे, नंतर कर फाजीलपणा. तर गप्प झाला. मग म्हणाला, खरंच सांग ना." तिने पेला खाली ठेवला. "घरी आल्यावर हसायला लागला. म्हणे, तुझी परीक्षा घेत होतो."

"अजून काही?"

"परवा पोरीला शाळेतून आणायला गेला आणि एकटाच परत आला. पिशवीभर भाजी घेऊन. अशा बारीकसारीक गोष्टी तर रोजच्याच आहेत. कुठे बोललीस तर बघ, म्हणतो. मी शपथ घेतलीय. आणि इथे येऊन बसलेय."

कोचची बायको उठून तिच्या शेजारी येऊन बसली.

"डॉक्टरला सांग," कोच म्हणाले. "मॅनेजरला सांगू. मी सांगतो. हे कळलं तर कुणीही त्याला खेळवणार नाही."

"नाही, काका!" ती एकदम ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तेच सांगायला आलेय. डोक्याचं नाव काढू नका. शाळेने त्याला शब्द दिलाय. खेळ सोडला की तिथे मुलांना शिकवायला लागायचंय. डोकं गेलंय असं बाहेर पडलं तर कोण त्याच्या हवाली मुलं करेल? तेवढाच एक आधार आहे त्याला. नाही तर दिवसभर घरात बसून तो काय करेल, तुम्हीच सांगा. मी त्याच्यासोबत असेन. माझी दुपारनंतरची पाळी मी बदलून घेतेय, शाळेत मीही मदतीला जाईन. एकटा नाही सोडणार. मोठ्या दवाखान्यातही नेईन. एकदा खेळ सुटला की ऐकेल माझं. पण आधी तो खेळ सुटायला हवा. तुम्ही दुसरं काहीतरी कारण सांगा."

"दुसरं काय सांगू?"

कोचच्या बायकोने विचारलं, "आणि त्याला काय वाटेल? हा माणूस त्याला बापासारखा आहे."

"तो तुमचं तोंड बघणार नाही, काका," ती म्हणाली. "मला माहीत आहे मी काय मागतेय."

चहा झाला होता, पण तो गाळायला कुणी उठेना. मग कोच म्हणाले, "ठीक आहे."

ती गेल्यावर बायकोने त्यांना विचारलं, "अहो, जमेल तुम्हाला?"

"खोटं बोलायचंय फक्त," कोच म्हणाले. "पंचांशी आयुष्यभर बोललोय."

बायको हसली नाही.

बैठकीला मॅनेजर होते आणि मालकांकडून आलेले दोघे. कोचनी नावं वाचली. हातोड्याचं नाव आलंच नाही, तेव्हा त्या दोघांनी मॅनेजरांकडे पाहिलं आणि मॅनेजरांनी कोचकडे.

"पाय चालत नाहीत त्याचे," कोच म्हणाले. "वय झालं. वळायला वेळ लागतो. चपळ माणूस समोर आला की सुटून जातो. मला पाय हवेत."

"परवा तर तुम्ही काही वेगळंच म्हणत होता," मॅनेजर म्हणाले.

"परवा मी त्याचं मन राखत होतो. आज खरं बोलतोय. आणि करारात लिहिलंय, संघ मी निवडायचा."

ते दोघे कुजबुजले. मॅनेजर उठले, कोचचा दंड धरून त्यांना शेजारच्या खोलीत घेऊन गेले आणि दार लावून घेतलं.

"काय चाललंय तुझं? त्याचे पाय आख्ख्या संघात एक नंबर आहेत. हे मला शिकवतोस?"

"मला वाटतं ते मी सांगितलं."

"तू खोटं बोलायला लागलास की कान चोळतोस. तुझ्या मागे मी उभा राहिलोय आयुष्यभर. चेंडू सोडायचा की धरायचा, ते मी तुझ्या कानांवरून ठरवायचो." मॅनेजरांचा आवाज मऊ झाला. ""परवा डोकं म्हणालास, आज पाय. काहीतरी आहे. मला सांग. कारण पटलं तर मी स्वतः त्या दोघांना समजावतो. मालकांना समजावतो. तुझ्या बाजूने उभा राहतो. पण कारण दे मला."

कोचनी कानावरचा हात खाली घेतला. त्यांना त्या क्षणी सगळं सांगून मोकळं व्हावंसं वाटलं. पण मॅनेजरांना सांगितलं असतं तर ते त्या दोघांना सांगावं लागलं असतं, त्या दोघांनी मालकांना, आणि मग ते गावभर झालं असतं.

"काही नाही," ते म्हणाले.

"मला सुद्धा नाही?"

"नाही."

मॅनेजर मान हलवत राहिले. "ठीक आहे, कोच," ते म्हणाले. बंद दाराआड त्यांनी कोचना पहिल्यांदाच अहो म्हटलं. "तुमचा अधिकार आहे, वापरा. पण आपण खाली गेलो तर ते तुमच्या नावावर. मी मध्ये पडणार नाही."

बातमी संध्याकाळच्या आत सगळीकडे पसरली. कुणी पसरवली ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला कोच आले तेव्हा हातोडा आधीच मैदानात होता. बूट घातलेले, मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले. बाकीचे खेळाडू रेषेबाहेर घोळका करून उभे होते. कुणी वर बघत नव्हतं.

"पाय?" हातोडा म्हणाला. "माझे पाय? मला तोंडावर सांगायचं तरी, कोच. बाहेरून ऐकावं लागलं."

"सांगणारच होतो."

"घड्याळ काढा."

"असं करू नकोस."

"काढा म्हणतो ना! शिडी, ये इकडे. ये, घाबरू नकोस, तुझा काही दोष नाही. माझ्या बाजूला उभा राहा. या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. सगळ्यांच्या देखत. कोच, तुम्ही शिट्टी वाजवा."

कोचनी खिशातून थांबघड्याळ काढलं. त्यांनी शिट्टी वाजवली.

हातोडा धावला. कोचनी त्याला हजारदा धावताना पाहिलं होतं, पण असा कधीच नाही. मान खाली, हात हवा कापत चाललेले, बुटांखालचं गवत उडत होतं. समोरच्या रेषेला हात लावून तो वळला तेव्हा शिडी अजून तिथे पोचायचा होता. परत येताना कुणीतरी न राहवून ओरडलं, "चल, हातोडा!" मग सगळेच ओरडायला लागले. तो रेषा ओलांडून गेला, थांबला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला, आणि वाकल्या वाकल्या मान वर करून कोचकडे पाहू लागला. शिडी मागून आला, धापा टाकत, ओशाळून.



कोचनी घड्याळाकडे पाहिलं. हातोड्याने गेल्या कैक वर्षांत इतका कमी वेळ घेतला नव्हता. कोचना आनंद झाला. ती सवय होती. तो आनंद चेहऱ्यावर येण्याआधी त्यांनी घड्याळ मिटलेल्या मुठीत धरून खिशात टाकलं.

"कमी पडतोय," ते म्हणाले. "मला हवं त्याच्या जवळपासही नाही."

प्रत्येकाला दिसलं होतं. शिडीलाही. तोच पुटपुटला, "कोच, अहो, पण ते..."

"तू गप्प बस. वॉर्मअपला लागा सगळे."

हातोडा सरळ उभा राहिला. तो रागावेल, अंगावर येईल, असं कोचना वाटलं होतं. त्याची त्यांनी तयारी केली होती. पण तो फक्त त्यांच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या तोंडाचा कोपरा लहान मुलासारखा खाली आला.

"घड्याळ दाखवा," तो म्हणाला.

"गरज नाही."

"तुम्ही मला उचलून आणलंत. आणि आज या पोरांसमोर माझ्या तोंडावर खोटं बोलताय. का? एवढंच सांगा."

कोचनी पाठ फिरवली आणि ते सरावाचे शंकू मांडायला लागले. ते शंकू मांडणं धोब्याच्या पोऱ्याचं काम होतं, कोचनी ते कधीच केलं नव्हतं. एकेक शंकू खाली ठेवताना त्यांच्या मागे बुटांचा आवाज दूर जात राहिला.

सराव संपल्यावर कोच फाटकातून बाहेर पडले तेव्हा हातोडा आणि त्याची बायको तिथेच उभे होते. त्याच्या हातात मोठी पिशवी, कप्पा रिकामा करून आणलेली. बूट, टॉवेल, पोरीने काढलेलं एक चित्र पिशवीच्या तोंडातून डोकावत होतं. कोच जवळ आल्यावर तो बाजूला तोंड करून म्हणाला, "सांग तू यांना. माझ्याच्याने बोलवत नाही."

ती पुढे आली. कोचच्या अगदी समोर.

"काका, तुम्ही असं करायला नको होतं," ती मोठ्याने म्हणाली. रस्त्यावरच्या दोघातिघांनी वळून पाहिलं. "आम्ही तुम्हाला घरचं मानलं. यापुढे आमच्या दारात येऊ नका."

तिचा आवाज एकदाही कापला नाही. डोळे मात्र भरून वाहत होते, आणि नवरा मागे असल्यामुळे ते फक्त कोचनाच दिसत होते. कोचनी मान डोलावली. ती वळली, नवऱ्याच्या हातातून पिशवीचा एक बंद आपल्या हातात घेतला आणि दोघं ती पिशवी मध्ये धरून चालायला लागली.

शिडी जिवाच्या कराराने खेळला. दोन सामने बरोबरीत सुटले, एक जिंकला, एक हरला. शेवटच्या सामन्यात बरोबरी झाली तरी संघ वाचणार होता. सामना संपता संपता समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला. चेंडू हवेत वर आला, शिडीने उडी मारली, आणि शेवटच्या क्षणी डोळे मिटले. चेंडू त्याच्या केसांवरून गेला. मागून कुणीतरी तो सहज आत ढकलला.

प्रेक्षक ओरडले नाहीत. एका कोपऱ्यातून सुरुवात झाली आणि हळूहळू सगळीकडून एकच हाक यायला लागली, "हातोडा! हातोडा!" कोचकडे तोंड करून. शिडी गवतावर पालथा पडून रडत होता. कोच मैदानात गेले, त्याला उठवलं, त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाहेर आणलं. वरून कुणीतरी पाण्याची बाटली फेकली, ती कोचच्या पाठीत बसली. त्यांनी मागे पाहिलं नाही.

संघ बंद झाला. मैदान मालकांनी दुसऱ्या कुणाला दिलं. काही खेळाडूंना दुसरीकडे जागा मिळाली, बऱ्याच जणांना नाही. गवत कापणारा मुलीकडे राहायला गेला, असं कुणीतरी सांगितलं. मॅनेजर मालकांच्याच एका गोदामात कारकुनी बघायला लागले. कोच त्यांना भेटायला गेले, दोनदा. पहिल्या वेळी ते कामात आहेत म्हणून निरोप आला. दुसऱ्या वेळी ते बाहेर आले, उभ्याउभ्या तब्येत विचारली, आणि "बरंय मग, कोच," म्हणून आत गेले. तिसऱ्यांदा कोच गेले नाहीत. त्यांना कुणी पुन्हा काम दिलं नाही. शेवटच्या टप्प्यात आपल्याच पोराला काढून संघ बुडवणारा म्हणून त्यांचं नाव झालं होतं, आणि सलूनमध्ये गेलं तरी लोक कुजबुजत.

हातोडा शाळेत लागला. दुपारनंतर त्याची बायको तिथे असते, मुलांच्या हजेरीला, पाण्याला, जखमांवर पट्ट्या बांधायला. मधूनमधून ती कोचच्या बायकोला फोन करते, नवरा झोपला की. त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. वाढेल की इथेच थांबेल, सांगता येत नाही म्हणाले. कधी महिनाभर अगदी चांगला असतो. कधी सकाळी उठून क्लबची पिशवी शोधतो. काही नावं जातात, परत येतात. पोरीचं अजून गेलेलं नाही.

"त्याला खरं सांगून टाक ना," कोचची बायको एकदा म्हणाली.

"दोनदा सांगायला बसले, काकू. पण पाय धड असताना काकांनी खोटं बोलून काढलं, असं त्याला वाटतं, त्याचा तो राग करतो. डोकं गेलं म्हणून काढलं हे कळलं तर राग कुणाचा करेल?"

याला आता तिसरं वर्ष. कोच रोज दुपारी भाजी आणायला निघतात. मंडई घराच्या डाव्या हाताला आहे, ते उजवीकडे वळतात. शाळेच्या मैदानाला जाळीचं कुंपण आहे आणि कुंपणालगत पायवाट. हातोडा मुलांना पास द्यायला शिकवत असतो. मुलांच्या नावांऐवजी शर्टांवरचे आकडे घेतो. मुलांना डोक्याने चेंडू मारू देत नाही. मोठे व्हा, मग बघू, म्हणतो. कुंपणाबाहेर कोचची चाल सावकाश होते, तो पाहतो आणि शिव्या घालतो.

काल त्याने पाहिलं, पण काही बोलला नाही. कोच पिशवी या हातातून त्या हातात घेत तिथेच घोटाळले. तो त्यांच्याकडे बघत राहिला, कपाळाला आठी घालून, आणि मग मुलांकडे वळला. कोच घरी आले ते भाजी न आणताच. रात्री जेवले नाहीत.

आज ते लवकर निघाले. हातोडा कुंपणाजवळच होता, एका मुलाच्या बुटाची नाडी बांधत. त्याने मान वर केली. उठला. त्याची बायको लांब पाण्याच्या पिंपाशी होती, तीही उभी राहिली.

"हा बघा," हातोडा मुलांना म्हणाला, "हा माणूस बघून ठेवा सगळ्यांनी. याने मला पळवलं. भर सकाळी, सगळ्या संघासमोर. मी शिडीच्या आधी पोचलो. शिडी म्हणजे आमचा एक लांबुळका होता. या माणसाने घड्याळ बघितलं आणि खिशात घातलं. म्हणाला, कमी पडतोय. मी घड्याळ मागितलं, तर शंकू मांडायला गेला. शंकू! लाज वाटते का रे तुला म्हाताऱ्या, अजून या वाटेने यायला? तुझ्या त्या मॅनेजरला तरी सांगितलंस का, की का केलंस?"

मुलं घाबरून एकमेकांकडे बघत होती. कोच जाळीला हात लावून उभे होते, मान थोडी कलती करून, एकही शब्द निसटू नये असं ऐकत.

"चालता हो!" हातोडा म्हणाला.

कोच चालते झाले. मंडईत जाऊन त्यांनी मेथी घेतली, वांगी घेतली, घासाघीस न करता.

बायको दारातच वाट बघत होती. तिने पिशवी घेतली नाही, आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"दिल्या आज शिव्या," कोच म्हणाले.

"सगळं बोलला?"

"सगळं. शिडीचं पण नाव घेतलं."

"आणि शंकूंचं?"

"शंकूंचं पण."

तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि ती आत चहा ठेवायला गेली. कोच दारातल्या खुर्चीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले.